इंद्रलाल रॉय

इंद्रलाल रॉय (२ डिसेंबर, इ.स. १८९८ : कोलकाता – २२ जुलै, इ.स. १९१८ : कार्व्हॅं, फ्रान्स) हे पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढलेले भारतीय वैमानिक होते. रॉयल फ्लाइंग कोअर व नंतर रॉयल एर फोर्स या दोन्ही दलांत त्यांनी सेवा केली. शत्रूची पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकास 'एस' म्हणत. पहिल्या महायुद्धात हा मान मिळवणारे ते एकमेव भारतीय मानले जातात. मृत्यूसमयी ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

जन्म आणि शिक्षण

रॉय यांचे घराणे मूळचे पूर्व बंगालमधील बारिसाल भागातील जमीनदारांचे होते. वडील प्यारेलाल रॉय हे बॅरिस्टर होते, तर आई ललिता रॉय यांनी इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला होता. थोरले बंधू परेशलाल रॉय यांनी पुढे भारतात मुष्टियुद्धाच्या खेळाचा पाया घातला. इंद्रलाल यांचे शालेय शिक्षण लंडनमधील सेंट पॉल्स स्कूल येथे झाले. ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयाची शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली होती. परंतु महायुद्धामुळे त्यांच्या आयुष्याने निराळे वळण घेतले.

वैमानिक दलात प्रवेश

त्या काळी भारतीय तरुणाला ब्रिटिश सैन्यात लढाऊ अधिकारी होणे जवळजवळ अशक्य होते. भारतीय सैन्यातील लढाऊ शाखांत राजाची सनद भारतीयांना देण्याचा निर्णय ऑगस्ट १९१७मध्ये जाहीर झाला. त्याआधीच, ५ जुलै १९१७ रोजी, रॉय यांची रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली होती. प्रारंभी दृष्टिदोषाच्या कारणावरून त्यांना नाकारण्यात आले. तेव्हा त्यांनी आपली मोटरसायकल विकून त्या पैशांतून नेत्रतज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेतली आणि प्रवेश मिळवला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. हरदितसिंग मलिक, एरोल चंदर सेन आणि मुंबईचे वेलिणकर हे या दलात लढलेले अन्य भारतीय वैमानिक होत. वेलिणकर यांनाही जून १९१८मध्ये फ्रान्समध्येच वीरमरण आले.

अपघात आणि पुनरागमन

ऑक्टोबर १९१७च्या अखेरीस रॉय ५६ क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाले. ६ डिसेंबर १९१७ रोजी त्यांचे एस.ई.५ जातीचे विमान कोसळून ते जबर जखमी झाले. त्यांना मृत समजून शवागारात ठेवले होते व शुद्धीवर येताच त्यांनी आतून दार ठोठावले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. उपचारांच्या काळात त्यांनी विमानांची अनेक रेखाचित्रे काढली. त्यांपैकी काही आजही उपलब्ध आहेत. उड्डाणास अपात्र ठरवून त्यांना साधनसामग्री विभागाचे काम देण्यात आले. परंतु त्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि जून १९१८मध्ये ते ४० क्रमांकाच्या तुकडीत पुन्हा वैमानिक म्हणून रुजू झाले. तेथे जॉर्ज मॅकेलरॉय या अनुभवी वैमानिकाच्या नेतृत्वाखाली त्यांना काम करण्यास मिळाले.

हवाई लढाया आणि मृत्यू

६ जुलै १९१८ रोजी रॉय यांनी पहिला विजय नोंदवला. ८ जुलै रोजी काही तासांच्या अवधीत त्यांना तीन विजय मिळाले. १३ व १५ जुलै रोजी प्रत्येकी दोन, तर १८ व १९ जुलै रोजी प्रत्येकी एक विजय त्यांच्या नावे नोंदला गेला. अशा रीतीने दोन आठवड्यांत त्यांनी एकूण दहा विजय मिळवले. यांतील काही सहकाऱ्यांसमवेतचे संयुक्त विजय होते. २२ जुलै १९१८ रोजी कार्व्हॅंच्या परिसरात जर्मन फॉकर विमानांशी झालेल्या झुंजीत त्यांचे विमान पेटून कोसळले व त्यातच त्यांचा अंत झाला. एस्तेव्हेल येथील दफनभूमीत त्यांची समाधी असून तिच्यावर बंगाली भाषेतील लेख कोरलेला आहे.

गणवेशावरील पंखचिन्ह

रॉय यांची सेवा दोन दलांच्या संधिकालातील असल्यामुळे वैमानिकांच्या पंखचिन्हांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचे उदाहरण उपयोगी पडते. रॉयल फ्लाइंग कोअरच्या वैमानिकाचे चिन्ह १९१३मध्ये मान्य झाले. त्यात पसरलेले दोन पंख, मध्ये पर्णमाला, तिच्या आत दलाची आद्याक्षरे आणि वर राजमुकुट असे. गडद कापडावर भरतकाम केलेले हे चिन्ह डाव्या छातीवर लावत. विमानातील निरीक्षकाला १९१५पासून एकच पंख व त्याला जोडलेले 'ओ' अक्षर असे वेगळे चिन्ह मिळू लागले. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एर फोर्सची स्थापना झाल्यावर वैमानिकाच्या चिन्हातील आद्याक्षरे बदलली.

त्यामुळे एखादे जुने चिन्ह या काळातील म्हणून समोर आल्यास प्रथम पंख एक की दोन हे पाहावे, त्यानंतर आद्याक्षरे व शेवटी मुकुटाचा आकार तपासावा. पंचम जॉर्ज यांच्या काळातील मुकुटाच्या कमानी वर गोलाकार उचललेल्या दिसतात. दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीत, १९५३च्या सुमारास, मध्यभागी खोलगट कमानींचा मुकुट रूढ झाला. असा मुकुट असलेले चिन्ह पहिल्या महायुद्धातील असू शकत नाही. मात्र चिन्ह त्या काळाचे ठरले, तरी ते अमुक वैमानिकाचेच होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी पत्रे, छायाचित्रे किंवा कुटुंबाकडील नोंदींचा आधार लागतो.

सन्मान आणि स्मृती

सप्टेंबर १९१८मध्ये रॉय यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक जाहीर झाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय होत. कोलकात्यातील भवानीपूर भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. जन्मशताब्दीनिमित्त १९९८मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. भारतीय हवाई दलाची स्थापना त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली.