स्फटिकांचे कोन मोजणारा अबोल संशोधक

स्कॉटलंडमधील लेडहिल्सच्या शिशाच्या खाणींत गडद निळ्या रंगाचे बारीक स्फटिक सापडत. अझुराइट या खनिजाशी त्यांचे इतके साम्य, की नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखणे जाणकारालाही अवघड जावे. अझुराइट हे तांब्याचे कार्बोनेट. हे स्फटिक मात्र तांबे व शिसे या दोन्ही धातूंचे सल्फेट होते. इंग्लंडचे स्फटिकतज्ज्ञ हेन्री जेम्स ब्रुक यांनी १८२२ मध्ये ते स्वतंत्र खनिज म्हणून नोंदविले. १८३९ मध्ये स्पेनमधील लिनारेस या गावावरून त्याला लिनाराइट हे नाव मिळाले. अशा इवल्याशा स्फटिकांचे कोन अचूक मोजणे ज्या उपकरणामुळे शक्य झाले, त्याचे जनक होते विल्यम हाइड वोलॅस्टन.

६ ऑगस्ट १७६६ रोजी नॉरफोक परगण्यातील ईस्ट डेरेहॅम येथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक आणि हौशी खगोल अभ्यासक. केंब्रिजमधून वैद्यकाची पदवी घेऊन वोलॅस्टन यांनी काही वर्षे व्यवसाय केला, परंतु त्यात मन रमेना. १८०० मध्ये तो सोडून त्यांनी स्मिथसन टेनंट यांच्या भागीदारीत प्लॅटिनमच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले. ठोकून आकार देता येईल असे प्लॅटिनम तयार करण्याची त्यांची रीत त्यांना मोठी संपत्ती देऊन गेली; ती त्यांनी सुमारे पाव शतक गुप्त ठेवली.

याच कामात त्यांना पॅलेडियम हा नवा धातू गवसला. शास्त्रीय निबंध लिहिण्याऐवजी त्यांनी १८०३ मध्ये तो लंडनच्या एका दुकानात निनावी विक्रीस ठेवला! रिचर्ड चेनेविक्स या रसायनशास्त्रज्ञाने तो विकत घेऊन, हा प्लॅटिनम व पारा यांचा मिश्रधातू असल्याचे रॉयल सोसायटीपुढे मांडले. तेव्हा तो कृत्रिमरीत्या बनवून दाखविणाऱ्यास २० पौंडांचे निनावी बक्षीस जाहीर झाले. ते कोणालाच मिळविता आले नाही. १८०५ मध्ये वोलॅस्टन यांनी आपणच संशोधक असल्याचे उघड केले. दरम्यान ते त्याच सोसायटीचे सचिव झाले होते. सहकाऱ्याची फजिती मुकाट्याने पाहणारा हा विक्षिप्तपणा अनेकांना रुचला नाही आणि त्यात त्यांना वावगे वाटण्याचे कारणही होते.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र हातातले यश निसटले. १८०२ मध्ये अरुंद फटीतून आलेला सूर्यप्रकाश लोलकातून पाहताना त्यांना वर्णपटात काळ्या रेषा दिसल्या. त्यांतील बहुतेक रंगांच्या सीमारेषा असाव्यात, असे समजून ते पुढे गेले. पुढे फ्राउनहोफर यांनी त्या रेषांची बारकाईने नोंद केली, तर किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये त्यांचा मूलद्रव्यांशी असलेला संबंध स्पष्ट केला.

१८०९ मधील त्यांचे परावर्तन कोनमापक यंत्र साधे होते. स्फटिकाच्या एका पैलूत एखाद्या रेषेचे प्रतिबिंब पाहायचे आणि शेजारच्या पैलूत ते नेमके त्याच जागी येईपर्यंत स्फटिक फिरवायचा. किती फिरविला, यावरून पैलूंमधील कोन कळतो. पूर्वीचे यंत्र पैलूंना टेकवावे लागे. त्यासाठी मोठा स्फटिक हवा. नव्या यंत्राने कॅल्साइटचा कोन १०५ अंश ५ मिनिटे भरला. फ्रेंच पंडित आयुई यांनी तो १०४ अंश २८ मिनिटे मानला होता. एकसारख्या दिसणाऱ्या डोलोमाइटचा कोन १०६ अंश १५ मिनिटे, तर लोहयुक्त खनिजाचा १०७ अंश निघाला. दिसण्यात सारखी, पण जातीने वेगळी खनिजे अशी कोनावरून ओळखता येऊ लागली. आज क्ष-किरण आणि रामन वर्णपट यांच्या साह्याने लिनाराइटची खात्री काही मिनिटांतही करता येते.

१८२८ मध्ये मेंदूच्या विकाराने ते खंगत गेले. प्लॅटिनमची ती गुप्त रीत अखेर त्यांनी सांगितली. २० नोव्हेंबर रोजी ती रॉयल सोसायटीत वाचली गेली. २२ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी जिऑलॉजिकल सोसायटीला दिलेल्या देणगीतून वोलॅस्टन पदक सुरू झाले. १८३१ मध्ये पहिले पदक विल्यम स्मिथ यांना मिळाले. पुढे काही वर्षे ते पॅलेडियमचे घडविले जाई.