विल्यम बर्ड : बंद दारांआडची प्रार्थना

राज्यकर्त्यांचा धर्म एक आणि प्रजेच्या अंतरीची श्रद्धा दुसरी, हे दुःख गोव्याला परके नाही. पोर्तुगीज अमलात स्वधर्म राखण्यासाठी पूर्वजांनी गोवा सोडला, असे सीमेपलीकडील जोयडा तालुक्यातील कुणबी आजही सांगतात. त्याच सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये मात्र चित्र उलटे होते. तेथे प्रॉटेस्टंट सत्तेखाली कॅथलिकांचाच छळ चालला होता. तो देश सोडून फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले व पुढे त्यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. त्यांचे समकालीन संगीतकार विल्यम बर्ड मायदेशीच राहिले.

१५४० च्या सुमारास जन्मलेले बर्ड १५६३ मध्ये लिंकन कॅथेड्रलचे ऑर्गनवादक झाले. १५७२ मध्ये त्यांना चॅपल रॉयल या राजदरबारी गायकवृंदात स्थान मिळाले. १५७५ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्यांना आणि ज्येष्ठ संगीतकार थॉमस टॅलिस यांना संगीतमुद्रणाचा २१ वर्षांचा मक्ता दिला. दोघांनी आपला पहिला लॅटिन गीतसंग्रह राणीलाच अर्पण केला.

दरबारात मान असला, तरी घरावर संशयाची छाया होती. सरकारी चर्चच्या उपासनेला गैरहजर राहणाऱ्यांच्या नोंदींत १५७७ पासून त्यांच्या पत्नीचे नाव येऊ लागले. १५८१ च्या कायद्याने अशा गैरहजेरीचा दंड महिन्याला २० पौंड झाला. बर्ड यांनी प्रॉटेस्टंट उपासनेसाठी उत्तम इंग्रजी रचना केल्या, पण श्रद्धा सोडली नाही. १५८९ व १५९१ च्या संग्रहांत त्यांनी उजाड जेरुसलेमचे आणि बंदिवासाचे शोकपाठ निवडले. कॅथलिकांना त्यांत आपलीच व्यथा ऐकू आली.

१५९० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी तीन, चार आणि पाच स्वरांसाठी तीन मिस्सा रचल्या. त्या काळी मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूच्या जिवालाच धोका असे. म्हणून त्या मुखपृष्ठाविना, मुद्रकाच्या नावाविना छापल्या गेल्या. घरातल्या बंद खोलीत मोजक्या गळ्यांना पेलतील, अशाच त्या बेतलेल्या होत्या.

पुढे ते एसेक्समधील स्टँडन मॅसी या गावी, पीटर या कॅथलिक आश्रयदात्या घराण्याच्या शेजारी स्थायिक झाले. वर्षभराच्या सणांसाठी रचलेले ‘ग्रॅड्युआलिया’चे दोन भाग १६०५ व १६०७ मध्ये निघाले, पहिला भाग जवळ सापडल्यामुळे लंडनमध्ये एकाला अटकही झाली. ४ जुलै १६२३ रोजी बर्ड निवर्तले.

ज्या चर्चच्या सत्तेपासून त्या मिस्सा लपवाव्या लागल्या, त्याच चर्चच्या कॅथेड्रलांत आज त्या मोकळ्या कंठाने गायल्या जातात.