मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे भारतीय स्थापत्य अभियंते, म्हैसूर संस्थानाचे दिवाण आणि भारतातील पोलाद उद्योगाच्या उभारणीस हातभार लावणारे प्रशासक होते. त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले आणि शासकीय सेवेचा बहुतेक काळ मुंबई इलाख्यात गेला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

जन्म व शिक्षण

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या गावी झाला. जन्मवर्ष काही ठिकाणी १८६० तर काही ठिकाणी १८६१ असे दिले जाते. त्यांची जन्मशताब्दी मात्र सप्टेंबर १९६० मध्ये साजरी झाली. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृत पंडित होते. लहानपणीच पितृछत्र हरपल्याने त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून आपला खर्च भागवला. पदवीनंतर म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाले. हेच महाविद्यालय पुढे पुणे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढील वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

मुंबई इलाख्यातील कार्य

त्यांची पहिली नेमणूक नाशिक येथे झाली. पुढे खानदेश, सिंधमधील सक्कर, सुरत आणि पुणे येथे त्यांनी पाणीपुरवठा व पाटबंधाऱ्यांची कामे केली. पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा निकटचा परिचय झाला.

खडकवासला येथील स्वयंचलित दरवाजे हे त्यांचे या काळातील सर्वांत प्रसिद्ध काम होय. पावसाळ्यात या जलाशयाचे बरेचसे पाणी सांडव्यावरून वाहून जात असे. साठा वाढवण्यासाठी धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे होते आणि जुन्या बांधकामावर त्याचा ताणही आला असता. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर दरवाजे बसवण्याची योजना आखली. पाणी ठरावीक पातळीला येईपर्यंत हे दरवाजे बंद राहत, त्यापेक्षा वर चढल्यास आपोआप उघडत आणि पातळी उतरली की पुन्हा मिटत. १९०३ मध्ये ही रचना प्रत्यक्षात आली. पुराच्या वेळी माणसाने धावत जाऊन दरवाजे उघडण्याची गरज त्यामुळे उरली नाही. हीच कल्पना पुढे ग्वाल्हेर संस्थानातील टिग्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर या धरणांवर वापरण्यात आली. या शोधाचे एकस्व त्यांच्याकडे होते; मात्र सरकारी सेवेत असताना सरकारी कामासाठी स्वामित्वशुल्क घेणे त्यांनी नाकारले.

नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुरू केली. कालव्याखालील जमिनीचे गट पाडून पिकांच्या फेरपालटानुसार पाणी द्यावयाचे, जेणेकरून थोड्या गावांतील उसावरच सारे पाणी खर्ची पडू नये, असे या पद्धतीचे सूत्र होते. आरंभी शेतकऱ्यांकडून तिला विरोध झाला. पुढे ती दख्खनच्या कालव्यांवर रूढ झाली.

त्या काळी खात्यातील सर्वोच्च पदे व्यवहारात युरोपीय अधिकाऱ्यांकडेच जात. पुढील बढतीची वाट बंद असल्याचे ओळखून १९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी सेवानिवृत्ती मागितली.

हैदराबाद

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला आलेल्या महापुरात हैदराबाद शहरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना विशेष सल्लागार अभियंता म्हणून पाचारण केले. आज बीड जिल्ह्यात असलेल्या धर्मापुरीसारखी मराठवाड्यातील गावे तेव्हा याच संस्थानात होती. नदीचे पात्र केवळ बांधून काढण्याऐवजी शहराच्या वर जलाशय बांधून पुराचे पाणी अडवावे, असा उपाय त्यांनी सुचवला. त्यातूनच पुढे उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे उभी राहिली.

म्हैसूरचे दिवाणपद

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते दिवाण होते. बँक ऑफ म्हैसूर (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) आणि बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९१७) या संस्था याच काळातील आहेत. सरकारी नोकऱ्यांत मागास समाजांना राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी त्यांचा मतभेद झाला. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात अशी त्यांची भूमिका होती, तर महाराजांनी मागास समाजांच्या मागणीला अनुकूलता दाखवली. या मतभेदातून विश्वेश्वरय्यांनी पद सोडले.

भद्रावतीचा लोखंड कारखाना

बाबाबुदन डोंगरातील लोहखनिज आणि मलनाडच्या जंगलातील लाकूड यांच्या आधारे भद्रावती येथे लोखंडाचा कारखाना काढण्याची योजना विश्वेश्वरय्यांनी दिवाण असताना पुढे रेटली. म्हैसूरजवळ दगडी कोळसा नसल्याने भट्टीसाठी लाकडाचा कोळसा वापरावयाचे ठरले. १९२३ मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर कच्च्या लोखंडाचे भाव कोसळले होते. कारखाना तोट्यात गेला आणि तो चालू ठेवावा की बंद करावा, हा प्रश्न संस्थानापुढे उभा राहिला. तो बंद पडला असता तर संस्थानाने गुंतवलेला पैसा बुडालाच असता. शिवाय संस्थानाने स्वबळावर अवजड उद्योग उभारण्याची कल्पनाही मागे पडली असती.

१९२३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले व १९२९ पर्यंत सांभाळले. त्यांनी खर्चाला आळा घातला आणि परदेशी तज्ज्ञांच्या जागी म्हैसूरच्या तरुणांना तयार केले. या कामाच्या मोबदल्याची साठलेली रक्कम त्यांनी स्वतः न घेता तंत्रशिक्षणाची संस्था काढण्यासाठी दिली. तिला स्वतःचे नाव देण्यास नकार देऊन त्यांनी महाराज जयचामराजेंद्र यांचे नाव सुचवले. भद्रावतीत १९३६ पासून पोलाद तयार होऊ लागले. कालांतराने या कारखान्याला विश्वेश्वरय्यांचे नाव देण्यात आले.

१९२७ ते १९५५ या काळात ते टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या संचालक मंडळावर होते. बिहारमध्ये मोकामा येथील गंगेवरील रेल्वे व रस्ता पुलाची जागा निवडण्याच्या कामी वयाच्या नव्वदीनंतरही त्यांचा सल्ला घेण्यात आला. राजेंद्र सेतू नावाने ओळखला जाणारा हा पोलादी पूल १९५९ मध्ये खुला झाला.

परिषदा व सन्मान

जाणकारांनी एकत्र बसून माहितीच्या आधारे निर्णय घ्यावेत, या विचाराने १९११ मध्ये म्हैसूर आर्थिक परिषद सुरू झाली. जानेवारी १९२२ मध्ये मुंबईत भरलेल्या सर्वपक्षीय परिषदेचे अध्यक्षपद सर शंकरन नायर सभा सोडून गेल्यावर विश्वेश्वरय्यांकडे आले. १९२३ च्या लखनौ येथील भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९४१ मध्ये त्यांनी अखिल भारतीय उत्पादक संघटनेची स्थापना केली. ब्रिटिश सरकारने १९१५ मध्ये त्यांना सर ही पदवी दिली होती.

नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये, तर आठवणींचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

निधन व स्मारके

एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नागपूरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. आज ही संस्था विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९९८ मध्ये बेळगाव येथे स्थापन झालेले तंत्रज्ञान विद्यापीठही त्यांच्याच नावाचे आहे.