‘दो आंखें’हून उजवा ‘माणूस’ : शांतारामबापूंच्या सर्वोत्तम चित्रपटाचा न संपणारा वाद

मुंबई, १८ नोव्हेंबर : व्ही. शांताराम यांचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, या प्रश्नाच्या उत्तरावरून उत्तर देणाऱ्याचे वय आणि गाव यांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. हिंदी प्रदेशातील प्रेक्षक ‘दो आंखें बारह हाथ’ म्हणतो. महाराष्ट्रातील गावोगावच्या थिएटरांत वाढलेला प्रेक्षक ‘पिंजरा’वर अडून बसतो, नृत्यसंगीताचा भोक्ता ‘झनक झनक पायल बाजे’ची बाजू घेतो आणि चित्रपटाचा अभ्यासक ‘कुंकू’कडे बोट दाखवतो. १९३९ साली पुण्यात तयार झालेल्या ‘माणूस’चे नाव या यादीत येते ते उशिरा. बापूंच्या आयुष्याचा क्रम डोळ्यांसमोर ठेवला, तर पहिला मान मात्र त्याच चित्रपटाला द्यावा लागतो.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. वडील जैन, आई हिंदू. घरची स्थिती बेताची. लहानपणी काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते, नंतर हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात राबले. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी पडेल ते काम करीत चित्रपटाची सर्व अंगे आत्मसात केली. बाबूरावांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) जमीन गमावलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यांनीच केली होती. पौराणिक चमत्कारांच्या त्या काळात असा साधा, भोवतालच्या दुःखाचा चित्रपट त्यांच्या वाट्याला आला, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

१९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’ने त्यांचे दिग्दर्शन सुरू झाले. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठीतील पहिला बोलपट त्यांचाच. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला हलली. त्याच वर्षी ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी ते जर्मनीला गेले. रंगांचा प्रयोग फसला. परंतु तिथल्या चित्रपटसृष्टीत छायाप्रकाशाचे जे काम त्यांनी पाहिले, त्याचा प्रभाव ‘अमृतमंथन’वर (१९३४) स्पष्ट उमटला. राजगुरूच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे निकटदृश्य आजही विसरता येत नाही.

‘प्रभात’च्या सुवर्णकाळाचे सारे श्रेय बापूंना देण्याची चूक अनेकदा होते. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल यांचा आहे, बापूंचा नव्हे. तरीही १९३७ ते १९४१ या काळात ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ ही जी त्रयी त्यांच्या हातून झाली, तिला त्यांच्या उर्वरित कारकिर्दीत जोड सापडत नाही.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’मध्ये फसवणुकीने वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मान्य करायला साफ नकार देते. शांता आपटे यांचा करारीपणा आणि केशवराव दाते यांनी उभा केलेला शरमत जाणारा वृद्ध, दोन्ही अव्वल. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज, ग्रामोफोन एवढ्यावरच तो उभा आहे. मात्र न्याय कोणत्या बाजूला आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या काही प्रसंगांतच कळलेले असते.

‘माणूस’मध्ये ही सोय नाही. गणपत हा साधा पोलीस शिपाई. छाप्याच्या वेळी तो मैना या वेश्येला अटकेपासून वाचवतो आणि तिच्यात गुंततो. तो तिला घरी, आईकडे नेतो. त्या देवभोळ्या घरातला मान मैनेला पेलवत नाही आणि ती परत फिरते. पुढे छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला पळून जाऊ द्यायला तयार असतो. ती ते नाकारते आणि त्याला त्याच्या कामाकडे, जगण्याकडे परत पाठवते. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी हे नाते कुठेही अश्रूंत बुडू दिलेले नाही. मैनेने निरनिराळ्या प्रांतांतील गिऱ्हाइकांसाठी निरनिराळ्या भाषांत म्हटलेले मास्टर कृष्णरावांचे गाणे आजही कानांवर येते. पण आनंदी चालीच्या त्या गाण्यामागे बाजार आहे, हे चित्रपट पाहिल्याशिवाय उमगत नाही.

कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘देवदास’ १९३५ साली आला आणि प्रेमभंगानंतर दारूत बुडून मरणारा नायक देशभरातील तरुणांचा आदर्श होऊन बसला. ‘माणूस’ हे त्याला दिलेले उत्तर होते. प्रेम हरले म्हणून माणसाने संपावे, हे बापूंना मान्य नव्हते. हे सांगण्यासाठी त्यांनी उपदेशाचा आधार घेतला नाही. अपयशी, गोंधळलेला, तरीही पुन्हा गणवेश चढवणारा शिपाई दाखवला. दुष्टाला शिक्षा, सज्जनाला फळ हा हिशेब इथे जुळत नाही, आणि ‘माणूस’ ‘कुंकू’च्या एक पाऊल पुढे जातो तो इथेच.

१९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून बापू मुंबईला आले. वडील राजाराम आणि आई कमला यांच्या नावांवरून परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभे राहिले. यश लगोलग मिळाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची भूमिका त्यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त (१९४६) स्वतः केली. ‘अमर भूपाळी’ कान महोत्सवापर्यंत गेला, ‘झनक झनक’ने रंगांचा उत्सव मांडला. मात्र पुण्यात बरोबरीचे भागीदार होते. परळमध्ये अखेरचा शब्द बापूंचाच. सजावट वाढत गेली, संयम ओसरत गेला.

या उताराला मोठा अपवाद म्हणजे ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७). औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली. खून करून आलेल्या सहा कैद्यांना मोकळ्या माळावर नेणारा तुरुंगाधिकारी बापूंनी रंगवला. बैलाशी झुंजण्याच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, तरी चित्रपट पुरा झाला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि बर्लिनचे रौप्य अस्वल त्याला मिळाले. त्याचे मोठेपण नाकारता येणार नाही. पण यातला अधिकारी जवळजवळ संत आहे. त्याची श्रद्धा डळमळत नाही, कसोटी लागते ती कैद्यांची. गणपतच्या वाट्याला असले कवच आलेले नव्हते.

‘पिंजरा’ (१९७२) पाहताना ही तुलना अधिकच बोचते. जर्मन ‘द ब्ल्यू एंजल’वर बेतलेल्या या कथेत आदर्शवादी मास्तर तमासगिरिणीच्या नादाने रसातळाला जातात. गाव त्यांना मृत समजून त्यांचा पुतळा उभारते आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली ते फासावर जातात. श्रीराम लागू यांचा अभिनय आणि राम कदम यांचे संगीत यांनी चित्रपट घराघरांत पोहोचला. वस्तुतः गोष्ट जुनीच : सरळ मार्गावरचा पुरुष आणि समाजाने बाहेर ठेवलेली स्त्री. १९३९ मध्ये अडतिशीच्या उंबरठ्यावरच्या दिग्दर्शकाने त्या पुरुषाला जगायला परत पाठवले होते. सत्तरी गाठलेल्या दिग्दर्शकाने पुतळा वाचवला आणि माणसाला मरू दिले.

१९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार बापूंना मिळाला. ‘झांजर’ (१९८७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट फारसा चालला नाही. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि १९९२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. पुण्यात ‘प्रभात’च्या जागेवर १९६० पासून सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. कंपनीचा जुना स्टुडिओ तिच्या आवारात अजून उभा आहे आणि चित्रपट शिकायला येणारी मुले आजही तिथेच चित्रीकरण करतात.