शंभर तासांच्या पावसाचा हिशेब

मृग नक्षत्र जवळ आले की गंगापूर-पैठणपासून कन्नड-सिल्लोडपर्यंत छत्रपती संभाजीनगर परिसरातील शेतकऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. आता ते मोबाइलच्या पडद्याकडेही लागतात. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या इन्सॅट उपग्रहाने टिपलेले ढगांचे ताजे चित्र दर अर्ध्या तासाने पाहता येते. अरबी समुद्रावर ढग किती दाटले आहेत आणि ते कुठे सरकत आहेत, हे घरबसल्या कळते. आकाशातून जमीन, पाणी आणि ढग वाचण्याची ही विद्या भारतात रुजवणाऱ्यांमध्ये एक नाव अग्रभागी आहे, ते म्हणजे डॉ. पिशारोत राम पिशारोटी. देशातील सुदूर संवेदनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा काळ महाराष्ट्रात गेला.

१० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळमधील कोल्लेंगोडे येथे त्यांचा जन्म झाला. हे गाव पालघाट खिंडीजवळ आहे. सह्याद्रीच्या सलग भिंतीला इथे मोठे खिंडार आहे आणि त्यातून मोसमी वारे थेट आत घुसतात. भौतिकशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी मद्रासमध्ये महाविद्यालयात अध्यापन केले. सुट्ट्यांत ते बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन करत. १९४२ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात जेकब बियर्कनेस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आधुनिक हवामानशास्त्राचा पाया घालणाऱ्या घराण्यातले हे गुरू होते.

परतल्यावर त्यांच्याकडे कुलाबा आणि अलिबाग येथील वेधशाळांची जबाबदारी आली. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी विसाव्या शतकाच्या आरंभी कुलाब्याहून अलिबागला हलवावी लागली होती. इतके नाजूक हे मोजमाप. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक पिशारोटी झाले. आज पाषाण येथे असलेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ती हीच. पर्जन्यछायेतील ढगांचा अभ्यास करण्यासाठी याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अलीकडे सोलापूर परिसरात विमानांतून प्रयोग केले.

पुण्यात असताना पिशारोटींनी एक मूलभूत प्रश्न हाती घेतला. आपल्या पावसाचे पाणी येते कुठून? विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडून येणारे वारे ते आणतात, असे सर्वसाधारणपणे मानले जात होते. साठच्या दशकात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. त्या मोजणीच्या आधारे पिशारोटींनी १९६५ मध्ये वेगळे गणित मांडले. विषुववृत्तावरून येणाऱ्या बाष्पापेक्षा पश्चिम किनारा ओलांडून जाणारे बाष्प कितीतरी जास्त भरत होते. म्हणजे मधल्या वाटेत अरबी समुद्रानेच मोठी भर घातली असली पाहिजे. या निष्कर्षावर वाद झाला. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय मोसमी प्रयोगात अधिक मोजमापे हाती आली, तेव्हा दक्षिणेकडून येणारा वाटा त्यांच्या अंदाजापेक्षा बराच मोठा दिसला. तरीही अरबी समुद्राच्या बाष्पीभवनाचा हिशेब केल्याशिवाय मान्सूनचे गणित सुटत नाही, ही गोष्ट त्यांच्यामुळे अभ्यासकांच्या मनात पक्की झाली.

समुद्रावर मोजणी करायची तर जहाजे मोजकीच आणि पसारा अफाट. ही अडचण उपग्रहच दूर करू शकत होते. १९६७ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर पिशारोटी अहमदाबादला विक्रम साराभाईंच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी नवा विषय हाती घेतला.

त्या काळी भारताकडे स्वतःचा उपग्रह नव्हता. सुरुवात झाली ती नारळाच्या बागांपासून. केरळमध्ये मूळकूज रोगाने नारळाची झाडे खंगत होती आणि हजारो कुटुंबांचे पोट त्या झाडांवर होते. १९७० च्या सुमारास पिशारोटी आणि सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. अशा फिल्मवर ते ठळक लाल दिसते. पान आजारी पडले की आतली रचना बिघडते, परावर्तन घटते आणि लाल रंग फिका पडतो. त्यामुळे प्रत्येक झाडाखाली न जाता आजारी झाडे ओळखता आली. भारतातील सुदूर संवेदनाचा हा पहिला मोठा प्रयोग मानला जातो. साराभाई १९७१ च्या अखेरीस गेले, पण काम थांबले नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात पिशारोटींनी सुदूर संवेदन आणि उपग्रह हवामानशास्त्र या विभागाचे नेतृत्व केले.

या पायावर पुढची इमारत उभी राहिली. जून १९७९ मध्ये भास्कर उपग्रह झेपावला. त्यातले एक उपकरण समुद्रावरील बाष्पाचा वेध घेण्यासाठी होते. १९८३ मध्ये इन्सॅट-१बीपासून ढगांची चित्रे नियमित मिळू लागली. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा देशाचा पहिला कार्यरत सुदूर संवेदन उपग्रह बैकानूरहून सोडण्यात आला. दर २२ दिवसांनी तो त्याच जमिनीवरून जाई. पिके, पडीक जमिनी आणि भूजलाच्या शक्यतेचे नकाशे त्याच्या चित्रांवरून बनू लागले. मराठवाड्यासारख्या काळ्या कातळाच्या प्रदेशात विहीर कुठे खणावी, या प्रश्नाला त्यातून आधार मिळाला. परावर्तित प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याचे हेच तत्त्व वापरून चांद्रयान-१ वरील उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा शोधल्या.

पिशारोटींना १९७० मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे जागतिक हवामान संघटनेचा सर्वोच्च पुरस्कारही त्यांना लाभला. मात्र उतारवयात त्यांनी सर्वांत जास्त लक्ष वेधले ते एका साध्या आकडेमोडीने. वर्षात ८,७६० तास असतात. भारतातल्या बहुतेक ठिकाणी त्यातील जेमतेम १०० तास पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा तर वीस-तीस तासांतच कोसळून जातो. युरोपात पाऊस वर्षभर हलका झिरपतो, म्हणून तिथल्या शेतीला साठवणुकीची एवढी चिंता नसते. आपल्याकडे मात्र ते थोडे तास हातचे गेले की वर्ष हातचे जाते. म्हणून पाऊस पडेल तिथेच तो अडवावा, गावोगावी तळी आणि बंधारे असावेत, असा त्यांचा आग्रह होता. २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आणि २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिलेल्या मराठवाड्याला हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने इथे नहर बांधली तीही याच गरजेतून. फरक इतकाच की आता ढग येण्याआधी दिसतात. पिशारोटींनी आयुष्यभर ती दृष्टी घडवली आणि शेवटी सांगितले ते जमिनीवरचे काम. उपग्रह पाऊस दाखवतो, पण तो अडवण्यासाठी बांध, तळे आणि पुनर्भरणाची विहीर गावातच हवी. त्या शंभर तासांची तयारी मात्र उन्हाळ्यातच करावी लागते.