वारणेचे खोरे आणि चिरागनगरची झोपडी

घाटकोपरच्या चिरागनगरात, चाळी आणि झोपड्यांच्या दाटीत, अण्णाभाऊ साठे यांनी आयुष्याची सुमारे दोन दशके काढली. त्यांच्या लेखणीसमोर मात्र सतत उभे असे ते वारणेचे खोरे. तेथील डोंगर, घोडी, जत्रा आणि कायद्याला न जुमानणारी माणसे यांनीच त्यांच्या कादंबऱ्या भरल्या आहेत.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. नाव तुकाराम भाऊराव साठे. इंग्रजांविरुद्ध बंड पुकारणारा फकिरा हा त्यांच्या नात्यातला. लुटलेल्या खजिन्यातील ओंजळभर सुरती रुपये त्याने अण्णाभाऊंच्या जन्मानंतर बाळंतिणीला दिल्याची कथा सांगितली जाते. शाळा झाली ती अवघी दीड दिवसाची. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी वडिलांबरोबर सारे कुटुंब पायी मुंबईला निघाले आणि भायखळ्यात विसावले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमांच्या जाहिराती वाचतच अक्षरओळख पक्की झाली.

हमाली, गिरणीकाम असे पोटाचे उद्योग चालू असताना कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला. मधल्या काळात गावी परतून ते नात्यातल्याच तमाशाच्या फडात रमले होते. तेथील ढोलकी पुढे कामगारांच्या मेळाव्यांत कडाडली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या छक्कडीने महाराष्ट्र दुमदुमला. पण शाहिरीच्या या कीर्तीआड कादंबरीकार झाकला जातो, हे खरे दुखणे आहे.

१९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रकाशित झाली. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेल्या या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. शेजारच्या गावची जोगणी पळवून आणताना बाप रणोजी मारला जातो, आणि दुष्काळात आपल्या माणसांना जगविण्यासाठी मुलगा धान्य व खजिना लुटतो. वेग, घोडदौड, सूड, मैत्री असे सारे त्यात आहे. त्याच सुमारास अमेरिकेत लुई लामूर यांच्या गुराखी आणि बंदूकबाजांच्या कादंबऱ्या हातोहात खपत होत्या. तिकडच्या अशा कथांत बहुधा अराजकाच्या प्रदेशात कायदा आणणारा वीर ठरतो. येथे मात्र जन्मानेच गुन्हेगार ठरवून पोलिसांपुढे हजेरी लावायला भाग पाडणारा कायदाच अन्यायी होता. म्हणूनच अण्णाभाऊंचा दरोडेखोर वाचकाला आपला वाटतो.

मुंबईही त्यांच्या साहित्यात आहे. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा वारणाकाठचाच. मुंबईच्या उपनगरातील दगडखाण बंद पडते आणि तो पोटासाठी मसणवट उकरू लागतो. उपनगराचे इतके भेदक चित्र मराठीत क्वचितच सापडेल.

१९६१ मध्ये ते रशियाला गेले. परतले ते त्याच झोपडीत. पुस्तके निघत, त्यांवर चित्रपटही निघत. हाती पैसा टिकत नसे. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळाले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले. ‘वारणेचा वाघ’वरील चित्रपट झळकला तो पुढच्या वर्षी.