वारीची वाट वारीपेक्षाही जुनी आहे, असं सांगणारा गणिताचा प्राध्यापक

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी वाल्हे सोडते, नीरा नदीत पादुकांना स्नान होतं आणि पलीकडच्या काठावर सातारा जिल्हा सुरू होतो. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पालखी पुढे सोलापूर जिल्ह्यात शिरते. आज आपण बघतो त्या स्वरूपातला हा पालखी सोहळा एकोणिसाव्या शतकात सुरू केला हैबतबाबा आरफळकर यांनी. तेही साताऱ्याजवळच्या आरफळचेच.

म्हणजे सोहळ्याचं वय साधारण दोनशे वर्षं. वारीची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. पण ज्या वाटेवरून वारी जाते, त्या वाटेचं वय काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक माणूस काठी घेऊन पायी निघाला होता. तो ना वारकरी होता, ना इतिहासाचा प्राध्यापक. पोटापाण्यासाठी तो गणित करायचा. त्याचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासाच्या पुस्तकांवर लिहिलेलं असतं ते डी. डी. कोसंबी.

गोव्यातून हार्वर्ड, हार्वर्डमधून पुणे

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेनचा. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. बुद्धाचा शोध घेत त्यांनी घर सोडलं आणि काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घातला. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम त्यांच्याकडे आलं आणि १९१८ साली ११ वर्षांचा दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेला पोहोचला.

शाळा तिथेच झाली. १९२९ साली हार्वर्डची पदवीही मिळाली, तीही अव्वल दर्जाची. त्यानंतर बनारस आणि अलीगढला गणित शिकवून १९३० च्या दशकात ते फर्ग्युसनमध्ये आले. १९४६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. मुक्काम मात्र पुण्यातच. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा अनेक वर्षांचा क्रम होता.

गणितवाला इतिहासात कसा घुसला?

नाण्यांमुळे.

संख्याशास्त्रासाठी त्यांना एक चांगलं उदाहरण हवं होतं. प्राचीन भारतातली चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली नाणी, त्यांनी निवडली. नाणं जितके हात फिरेल तितकं झिजतं आणि वजन घटतं. मग हजारो नाणी नीट तोलली, तर कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे गणिताने काढता यायला हवं. कोसंबींनी तक्षशिलेच्या साठ्यातली आणि इतर ठिकाणची हजारो नाणी अशी तोलली.

नाण्यांचा क्रम लागला. मग पुढचा प्रश्न आला, की ही नाणी पाडली कुणी? त्या राजांची माहिती शोधायला गेले, तर पुराव्यांचा तुटवडा. एखाद्या राजाची सनावळी नक्की नाही, सामान्य माणसाची तर नोंदच नाही. तेव्हा ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही त्यांचा इतिहास शोधायचा कसा, हा प्रश्न त्यांनी हातात घेतला. पुराव्यासाठी ग्रंथालयाबरोबरच रानात आणि गावांत जायचं ठरवलं.

रोमन रस्ता सापडतो, आपला का सापडत नाही?

युरोपात जुना रस्ता शोधणं तुलनेने सोपं असतं. रोमन साम्राज्याने फरसबंदी रस्ते बांधले, कडेला मैलाचे दगड उभे केले. जिथे दगड गेले तिथे गावांची नावं उरली. इंग्लंडमध्ये चेस्टरने संपणारी गावं बहुतेक रोमन छावणीची आठवण सांगतात, तर स्ट्रॅटफर्ड हे नाव सांगतं की इथे रोमन रस्ता नदी ओलांडत होता.

त्याच काळात आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं आणि रोमशी व्यापार जोरात होता. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक भाषेतल्या प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या बाजारपेठांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांवरून भडोच बंदरात जात असल्याचंही त्यात नोंदलंय. म्हणजे रस्ते होते. पण नाणेघाटासारखा एखादा अपवाद सोडला, तर बांधलेला रस्ता दिसत नाही. बैल, गाढवं आणि माणसं चालून पडलेल्या या वाटा. पाऊस आणि नांगर दोन्ही त्यांना पुसून टाकतात.

कोसंबींनी मग तीन खुणा धरल्या.

पहिली खूण सूक्ष्मास्त्रांची. अकीक किंवा गारगोटीसारख्या दगडाची नखाएवढी पाती, जी धातू येण्याआधीची माणसं वापरायची. पुण्याच्या घरामागच्या टेकडीपासून ते अशी पाती वेचत निघाले.

दुसरी खूण शेंदूर फासलेल्या दगडांची. बोल्हाई, तुकाई, यमाई, सटवाई, साती आसरा. यातल्या अनेक देव्या गावात नसून गावाबाहेर, जुन्या वाटा एकमेकींना भेटतात तिथे बसलेल्या असतात. कोसंबींचं म्हणणं असं, की गाव वसण्याआधी भटक्या टोळ्या जिथे भेटायच्या, ती ही ठिकाणं.

तिसरी खूण नावांची.

कार्ल्याचे शिलालेख आणि शेजारची गावं

पुणे-मुंबई रेल्वे बोरघाटातून जाते आणि घाटमाथ्याजवळ कार्ले, भाजे ही लेणी आहेत. कोसंबी याच मार्गावरून ये-जा करायचे. लेण्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांवर त्यांनी बरंच काम केलं. या लेखांत दान देणारे फक्त राजे नाहीत. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे, यवन म्हणजे ग्रीक वळणाचे परदेशीही आहेत. अशी गिऱ्हाइकं डोंगरात येतात, याचा अर्थ खालून व्यापारी वाट जात होती. लेणी घाटाच्या तोंडाशी असण्याचं कारण हेच. विहार म्हणजे तांड्यांचा निवारा आणि व्यापाराचा आधार, ही कोसंबींची मांडणी.

आता नावं बघा. लेण्याखालचं गाव वेहेरगाव, त्यात विहार जसाच्या तसा बसलाय. शिलालेखात भिक्षूंना दान दिलेलं गाव करजिक, आणि त्या भागात आजही करजगाव आहे. लेखातला मामाल म्हणजे आजचा मावळ. मावळतीकडचा प्रदेश म्हणून मावळ, असं आपण समजतो. पण कोसंबींनी या नावाचा संबंध मावळादेवींशी, म्हणजे पाण्याकाठच्या मातृदेवतांशी जोडला. जुन्नरच्या लेखातला मानमकुड डोंगर आजही मानमोडी म्हणून ओळखला जातो.

राज्यं गेली, भाषा बदलली, बौद्ध भिक्षू गेले. पण नाव तोंडात राहिलं. कार्ल्याच्या चैत्याच्या दारात आज एकवीरा आहे. तिला यमाईही म्हणतात, आणि जवळच्या बेडसे लेण्यातही यमाई आहे. साताऱ्यात औंधच्या डोंगरावर याच नावाची देवी बसलीये. कोसंबींच्या मते भिक्षू येण्याआधी अशा जागांवर देवीच होती. भिक्षू गेल्यावर ती परत आली.

मग वारीची वाट?

पुण्याच्या परिसरात आणि पालखीच्या वाटेच्या आजूबाजूला फिरताना कोसंबींना सूक्ष्मास्त्रं मिळत गेली. त्यांनी त्याची सांगड मेंढपाळांच्या वर्षाशी घातली.

मेंढीला चिखल सोसत नाही, खूर कुजतात. म्हणून पाऊस सुरू झाला की कळप घाटमाथ्याकडून पूर्वेच्या कोरड्या मुलखात सरकतो आणि पाऊस संपला की पुन्हा पश्चिमेकडे. आजही साताऱ्यातल्या माण-खटावचे आणि सांगलीतल्या आटपाडी-जतचे धनगर पावसाळा घरच्या दुष्काळी माळावर काढतात आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या दिशेने निघतात.

आणि वारी कधी निघते? पावसाच्या तोंडावर. कुठून कुठे? ओल्या पश्चिमेकडून कोरड्या पूर्वेकडे.

कोसंबींनी निष्कर्ष काढला, की विठ्ठलाच्या कितीतरी आधी कळपांमागे चालणाऱ्या माणसांनी ही वाट पाडली. देव नंतर आले आणि त्याच वाटेवर चालू लागले. १९६२ च्या मिथ अँड रिअॅलिटी या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर मांडलंय.

हीच कसोटी कराडला लावली तर?

कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर आहे. कोयनेच्या कडेने पाटण, पुढे कुंभार्ली घाट, आणि खाली चिपळूण. म्हणजे घाटाची वाट आहे. जवळच आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांच्या पायथ्याचं गाव जखिणवाडी, आणि जखीण म्हणजे यक्षिणी.

नावाचा पुरावा तर आणखी पक्का आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर करहकटच्या लोकांनी दिलेल्या दानाचा लेख आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यात करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान कोरलंय. करहाकड, कऱ्हाड, कराड. दोन हजार वर्षांत नाव एवढंच बदललं. कराडचा लोखंडाचा व्यापारी कोकणातल्या खाडीपर्यंत पोहोचत होता, हे एका ओळीतून कळतं.

कराडहून दक्षिणेला सांगलीच्या वाळवा तालुक्यातून उतरलं की कोल्हापूर. तिथल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची कांस्यमूर्ती सापडली. समुद्रापासून इतक्या आत ती कुठल्यातरी घाटानेच चढून आली असणार.

जिथे अंदाज चुकला

नावावरून गाव शोधण्यात धोकाही असतो. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट या गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. कोसंबींनी ते लेण्यांजवळचं देवघर असल्याचं मांडलं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलं नाही, काहींनी तर ते थेट आंध्रात नेलं. वाद आजही मिटलेला नाही. नुसता आवाज जुळून भागत नाही. वाट, अवशेष आणि नाव तिन्ही जुळावं लागतं, हे त्यांच्याच पद्धतीतून त्यांच्यावर उलटलं.

गणितातही असंच झालं. आनुवंशशास्त्रात त्यांचं १९४४ चं सूत्र आजही वापरतात. पण रीमानचं प्रसिद्ध कोडं सोडवल्याचा दावा त्यांनी केला आणि तो चुकीचा निघाला. त्याने प्रतिष्ठेला धक्का बसला. भारताने अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर भर द्यावा, असं ते उघड बोलत आणि तेही अणुकार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभा यांच्याच संस्थेत राहून. १९६२ मध्ये तिथला त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

ते लिहीत राहिले, चालत राहिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ५८. पुढे २००८ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

आज हे का महत्त्वाचं?

नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी बाजूने चालायची वेगळी वाटही त्यात आहे. रस्ता रुंद व्हायलाच हवा, दरवर्षी लाखो लोक त्यावरून चालतात.

पण कोसंबींच्या हिशेबात शेंदराचा दगड जिथे आहे ती जागा हाच पुरावा. देऊळ चकाचक बांधून शंभर मीटर सरकवलं तर देवी राहते, जुना तिठा मात्र हरवतो. मुरूम काढताना नखाएवढी पाती कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

म्हणून दगड हलवायच्या आधी तो कुठे होता, त्या शिवाराला म्हातारी माणसं काय म्हणतात, ओढ्याचं नाव काय, एवढं लिहून ठेवलं तरी पुष्कळ आहे. रोमन रस्त्यांना मैलाचे दगड होते. आपल्या वाटांना एवढीच नावं आहेत.